दुखणं आलं की कृत्यं तपासावीत... पण कोणी, कोणाची?

तेलघाणा | ३१ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

एलुल लागून आठवडा झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हिब्रू वर्षाचा हा शेवटचा महिना. वर्षभराचा स्वतःचा हिशोब मांडायचा. मग रोश हशाना, आणि तिथून दहाव्या दिवशी योम किप्पूरचा कडक उपास. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझी आजी ही हिब्रू नावं घेत नसे. ती रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणायची आणि किप्पूरला ‘दारफळणीचा सण’. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी नाही, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’. तेव्हा दारं उघडायची, दानधर्म करायचा, माणसांकडे जायचं.

मला आज एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. तालमुद या आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, बेराखोत या भागात पाचव्या पानावर आहे: आपल्यावर दुःखं येताहेत असं दिसलं, तर माणसानं आपली कृत्यं तपासावीत. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. ते मी माझ्या धाकट्या बहिणीला ऐकवलं होतं.

२०१९ ची गोष्ट. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. पुण्यात त्यांचं छोटं दुकान होतं. धंदा बसत चालला होता म्हणून दोन वर्षांपासून ते शनिवारीही दुकान उघडायला लागले होते. मला ते खुपत होतं. आमचे पूर्वज अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ नाव दिलं. बाकी बरंच विसरलं गेलं तरी शनिवार सुटला नाही, याचा मला फार अभिमान. हॉस्पिटलच्या बाकावर बहीण थर्मासमधून चहा ओतत होती, आणि मी म्हणाले, “आपल्या लोकांनी घाणा बंद ठेवला, तुम्ही शटर उघडलंत. दुखणं आलं की कृत्यं तपासावीत, असं उगाच नाही सांगितलेलं.”

तिनं थर्मासचं झाकण लावलं. “ताई, तू जा आता,” एवढंच म्हणाली.

मेहुणे तीन वर्षं जगले. उजवी बाजू गेली ती गेलीच. डाव्या हातानं लिहायला शिकले, दुकानाची वही पुन्हा स्वतः लिहायला लागले. मला हे दुसऱ्यांकडून कळत होतं. २०२२ मध्ये ते गेले. दफनाला मी होते, पण बहिणीनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी स्वतःला सांगत आले की मी बोलले ते खरंच होतं, शास्त्रातलंच होतं. या वर्षी आम्ही काही जणी ऑनलाइन वर्गात तालमुदचाच बाबा मेत्सिया हा भाग वाचतोय. अठ्ठावन्नाव्या पानावर आलो. विषय खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा. मिश्ना, म्हणजे तालमुदचा मूळ नियमांचा भाग, म्हणते, जशी व्यवहारात फसवणूक असते तशी शब्दांतही असते. विकत घ्यायचं नसताना भाव विचारून दुकानदाराला आशेला लावू नये. तेशुवा, म्हणजे पश्चात्ताप, करून परतलेल्या माणसाला ‘तुझे जुने उद्योग आठव’ म्हणू नये. आणि त्याखाली तालमुद जोडतं: एखाद्यावर दुःखं आली, आजार आला, त्याला आपली लेकरं पुरावी लागली, तर पवित्र ग्रंथातल्या, निर्दोष असून दुःखं भोगणाऱ्या ईयोबाचे मित्र ईयोबाशी बोलले तसं त्याच्याशी बोलू नये. ते मित्र काय बोलले होते? ‘निर्दोष माणूस कधी नाश पावलाय का, आठवून बघ.’ म्हणजे मी बाकावर बसून बोलले तेच.

वर्गात माझी वाचायची पाळी होती. पुढे वाचताच येईना.

दोन्ही वाक्यं एकाच तालमुदातली. पहिलं ‘आपली’ कृत्यं म्हणतं. मी त्यातला ‘आपली’ शब्द गाळून ते वाक्य सहा वर्षं वापरलं. आता बहिणीला कसं भेटू? आणि जो माणूस उरलाच नाही त्याचं काय करू?

---

निशिगंधा_सातारा | १ सप्टेंबर, सकाळी ७.१५

ताई, मी हिंदू आहे, तुमच्या धर्माबद्दल फार माहिती नाही. पण तो बाक माझ्या ओळखीचा आहे. मी चहा ओतणाऱ्या बाजूला होते. आईच्या आजारपणात येणारे-जाणारे म्हणायचे, ‘मागल्या जन्मीचं काही असेल, भोगून संपवायला लागतं.’ कोणी वाईट मनानं बोलत नव्हतं, हे मला कळायचं. तरी अकरा वर्षं झाली, ती वाक्यं कोण कुठल्या खुर्चीत बसून बोललं ते मला आठवतं.

एक सांगू? त्यांतल्या एका काकूंनी नंतर येऊन ‘मी तेव्हा बोलायला नको होतं’ असं म्हटलं असतं, तर मला चाललं असतं. समजावून सांगायची गरज नव्हती. तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

---

अश्दोदचा_वारा | १ सप्टेंबर, दुपारी ४.०५

तेलघाणा, बेटा, मी पंचाहत्तरीचा आहे. पनवेलला जन्म, १९७१ पासून इस्राएलमध्ये. तू ज्या मसेख्तात, म्हणजे तालमुदच्या भागात, अडकलीस त्यातच पंचवीस-सव्वीस पानं पुढे जा, चौऱ्याऐंशीव्या पानावर. तिथे रब्बी (धर्मगुरू) योहानान आणि रेश लाकीशची गोष्ट आहे. मी ती दर एलुलला वाचतो.

रेश लाकीश दरोडेखोर होता. रब्बी योहानान यार्देन नदीत स्नान करत असताना त्यानं पाण्यात उडी घेतली. योहानान म्हणाले, ‘तुझं बळ तोरासाठी (धर्मशास्त्रासाठी) हवं.’ रेश लाकीश म्हणाला, ‘तुझं रूप बायकांसाठी हवं.’ योहानान म्हणाले, ‘तू परत फिरलास तर माझी बहीण तुला देतो, ती माझ्याहून देखणी आहे.’ तो फिरला. शिकला. मोठा पंडित झाला. म्हणजे नात्यानं तो योहानानचा मेहुणा, हे लक्षात ठेव.

एक दिवस अभ्यासगृहात वाद निघाला. तलवार, सुरी, विळा ही हत्यारं ‘तयार झाली’ असं कधी म्हणायचं? योहानान म्हणाले, भट्टीतून निघाली की. रेश लाकीश म्हणाला, पाण्यात घालून झळाळी आली की. योहानान म्हणाले, ‘लुटारूला आपली हत्यारं माहीत असणारच.’

भर सभेत, जुने उद्योग. रेश लाकीश मोडला, आजारी पडला. बहीण रडत भावाकडे आली, माझ्या मुलांसाठी तरी त्याच्याकडे बघ म्हणाली. योहानान बधले नाहीत. रेश लाकीश मेला.

मग योहानानना सोबत म्हणून एक हुशार विद्यार्थी दिला. ते काही बोलले की तो म्हणे, ‘तुमच्या म्हणण्याला आधार आहे.’ योहानान म्हणाले, ‘लाकीशचा मुलगा (म्हणजे रेश लाकीशच) माझ्या प्रत्येक बोलण्यावर चोवीस आक्षेप काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उजळायचा. मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का?’ कपडे फाडत, ‘कुठे आहेस, लाकीशच्या मुला’ म्हणत फिरत राहिले, आणि त्यांचं भान सुटलं.

आता तुझ्या अठ्ठावन्नाव्या पानावर परत ये. पैशाच्या फसवणुकीपेक्षा शब्दांची फसवणूक मोठी, हे वचन तिथे सांगितलंय ते रब्बी शिमोन बार योहाईच्या नावानं. सांगणारा कोण? हेच रब्बी योहानान. आणि तेशुवेनं जाणूनबुजून केलेली पापंसुद्धा पुण्यासारखी मोजली जातात, हे कोणाचं वचन? रेश लाकीशचं. ज्याला नियम तोंडपाठ होता त्याच्याच तोंडून तो मोडला. तू एकटी नाहीस, एवढंच म्हणायचं आहे. पण योहानाननी उशीर केला. तू करू नकोस.

---

सरळवाट | १ सप्टेंबर, रात्री ९.३०

मला थोडं वेगळं वाटतं. मग कोणाची चूक दाखवायचीच नाही का? तोरातच, लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, ‘आपल्या शेजाऱ्याला अवश्य बोल’ अशी आज्ञा आहे. शब्बाथ मोडणं ही चूक नव्हती? बोलायची वेळ चुकली म्हणून बोलणंच चुकलं असं म्हणून टाकणं मला पटत नाही. समाज लहान आहे आपला. सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं तर काय उरेल?

---

तेलघाणा | २ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सरळवाट, हाच युक्तिवाद मी सहा वर्षं स्वतःशी केला, म्हणून उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

त्या आज्ञेचं वाक्य अर्ध्यावर सोडू नका. ‘अवश्य बोल, आणि त्याच्यापायी स्वतःवर पाप घेऊ नकोस.’ बोलताना समोरच्याचा चेहरा पडेल इतकं लाजवू नये, असा अर्थ तालमुद त्यातून काढतं. दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला मारवलं, त्यानंतर नाथान हा संदेष्टा त्याच्याकडे गेला. तेव्हा दावीद सिंहासनावर होता, उरिया मेलेला होता, आणि पाप दावीदच्या हातात होतं. नाथाननं त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि निवाडा दावीदलाच करू दिला. दावीद म्हणाला, ‘मी पाप केलं.’ हिब्रूत एकच शब्द आहे, खाताथी. नाथाननं दुसऱ्याच्या आजाराचा अर्थ लावला नव्हता. त्यानं दावीदनं केलेलं कृत्य दावीदपुढे ठेवलं होतं.

मला शनिवारबद्दल बोलायचं होतं, तर दुकान उघडलं त्या पहिल्या महिन्यात बहिणीकडे जाऊन विचारायला हवं होतं, ‘धंद्यात किती अडचण आहे? मी काही पैसे देऊ का?’ मी विचारलं नाही. पुरावा हाती येईपर्यंत थांबले, आणि मेहुण्यांचा आजार तो पुरावा म्हणून वापरला.

---

सरळवाट | २ सप्टेंबर, सकाळी ८.१०

‘पैसे देऊ का’ हे वाचून थांबलो. मला यावर विचार करायला हवा.

---

मुक्तांगणी | ३ सप्टेंबर, दुपारी १.२०

मी नाशिकला व्यसनमुक्तीच्या कामात आहे. रामबाम म्हणजे मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या तेशुवेच्या नियमांबद्दल एका ज्यू सहकाऱ्याकडून ऐकलं होतं आणि ते डोक्यात राहिलं. पूर्ण परतणं कोणतं? तीच संधी पुन्हा समोर आली, ते करण्याची ताकदही आहे, आणि तरी माणसानं केलं नाही. भीतीनं नाही, अशक्तपणामुळे नाही, तेशुवेमुळे. आमच्याकडे माणूस तीन महिने आत राहतो, बरा दिसतो. खरं कळतं ते घरी गेल्यावर, पगाराच्या दिवशी, त्याच गुत्त्यावरून जाताना.

पण एक शंका आहे. तीच परिस्थिती परत आली नाही तर? तेलघाणाताईंचे मेहुणे तर गेले.

---

अश्दोदचा_वारा | ३ सप्टेंबर, सायंकाळी ६.००

या कसोटीचं उदाहरण बेरेशीत, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. आपल्याच भावाला, योसेफाला, विकून टाकू, असं सुचवणारा भाऊ यहूदा. वीस चांदीच्या नाण्यांना विकला. वर्षांनंतर दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी मिसरात आले, पुढ्यात उभा अधिकारी योसेफच आहे हे त्यांना कळलं नाही. योसेफ त्यांना विचारत बसला नाही की तुम्हाला पश्चात्ताप झाला का. त्यानं तोच प्रसंग परत उभा केला. राहेलचा धाकटा मुलगा, बापाचा लाडका बन्यामीन, त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला आणि म्हणाला, हा इथे गुलाम राहील, बाकीचे सुटलात. एका भावाला सोडून घरी जायची सोपी वाट पुन्हा समोर आली. यहूदा पुढे झाला: या पोराऐवजी मला गुलाम ठेवा. तिथे योसेफाला रडू आवरेना.

मुक्तांगणी, तुमच्या शंकेबद्दल. तीच माणसं परत येत नाहीत, पण हॉस्पिटलचे बाक सगळीकडे आहेत. उद्या दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसायची वेळ येईलच.

---

दूरदेशी | ४ सप्टेंबर, पहाटे ५.४०

त्याच गोष्टीतला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. योसेफ भावांना सांगतो, ‘तुम्ही माझं वाईट योजलंत, देवानं त्यातून चांगलं घडवलं.’ आपल्या दुःखाला अर्थ आहे असं तो म्हणतो. खड्ड्यात तो पडला होता, तुरुंगात तो राहिला होता, म्हणून त्याला ते म्हणता येतं. हेच वाक्य भावांनी त्याला म्हटलं असतं तर? ‘बरं झालं तुला विकलं, बघ कसा मोठा झालास.’ शब्द जवळजवळ तेच, पण सहन करण्यापलीकडचे.

कठीण काळातून माणूस वाढतो हे मी मानतो. माझा मुलगा एका परीक्षेत दोनदा नापास झाला तेव्हा मी त्याला रब्बी यित्सहाक हुटनरांच्या एका पत्राबद्दल सांगितलं होतं. ते ब्रुकलिनच्या एका येशिवाचे, म्हणजे धर्मविद्यालयाचे, प्रमुख होते. स्वतःच्या पडझडीनं खचलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी कळवलं, की आपण थोर माणसांच्या पोहोचलेल्या अवस्थेबद्दलच बोलतो, त्यांच्या आतल्या लढायांबद्दल बोलत नाही. परनिंदेविरुद्ध लिहिणाऱ्या खाफेत्स खायीम या रब्बीच्या निर्मळ वाणीचं कौतुक सगळे करतात, पण तिथे पोहोचेपर्यंत तो किती वेळा पडला आणि उठला, ते कोणाला ठाऊक? नीतिसूत्रांत आहे ना, नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. लोक समजतात ‘पडला तरी उठतो’. हुटनर म्हणतात, त्या सात पडण्यांतूनच तो नीतिमान घडतो.

मुलानं ऐकलं, पण मला वाटतं त्याला खरा उपयोग झाला तो मी त्या रात्री त्याच्याबरोबर गच्चीवर बसलो त्याचा.

---

अबोली | ५ सप्टेंबर, रात्री ११.५५

एक प्रश्न, थोडा कडू आहे. माफी मागणाऱ्याबद्दल सगळं लिहिलंय. जिची मागायची तिचं काय? माझ्या आयुष्यात एका माणसानं माझ्याबद्दल खोट्या गोष्टी पसरवल्या, नोकरी गेली. नंतर तो ‘मोठ्या मनानं माफ कर’ म्हणत तीनदा आला. मला जमलं नाही. मग मीच वाईट ठरते का?

---

अश्दोदचा_वारा | ६ सप्टेंबर, रात्री ९.१०

(काल सूर्यास्तापासून शब्बाथ होता, म्हणून उशीर.)

अबोलीबाई, नाही. रामबाम म्हणतो की तीन मित्रांना घेऊन जावं, नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं, आणि मनापासून मागणाऱ्याला माफ न करण्याइतकं कठोर होऊ नये. हे खरं आहे. पण सोळाव्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सेर्लिस यांनी स्पष्ट नोंदवलं आहे की ज्याच्या नावाला खोटा बट्टा लावला गेला, त्याच्यावर माफ करण्याचं बंधन नाही. त्या माणसानं ज्यांच्या कानांत खोटं घातलं त्यांच्याकडे जाऊन ते पुसलं का? ते न करता तुमच्या दारात आला असेल, तर तो अजून निम्म्या वाटेवर आहे.

तेलघाणा, तुझ्या मेहुण्यांबद्दल. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि म्हणायचं: मी परमेश्वराचा, इस्राएलच्या देवाचा, आणि या माणसाचा अपराध केला, मी असं असं केलं. ‘असं असं’ म्हणून पुढे जायचं नाही. काय केलं ते बोलायचं.

---

अबोली | ६ सप्टेंबर, रात्री ९.४८

काका, धन्यवाद. चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

---

तेलघाणा | १४ सप्टेंबर, रात्री १०.१५

गेल्या रविवारी पुण्याला गेले होते. बहिणीनं दार उघडलं, पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, “आज नको.” मी उठले. आज परत गेले. या वेळी स्पष्टीकरण काही दिलं नाही. निशिगंधाताई, तुमचंच वाक्य म्हणाले: मी तेव्हा बोलायला नको होतं. ती खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला माहितेय, ते ऐकून होते. दार उघडं होतं. वाचा गेली होती, पण ऐकू येत होतं.”

मला हे माहीत नव्हतं.

नंतर ती म्हणाली की ते बोलायला लागल्यावर त्यांनी तिला पहिल्या काही दिवसांतच विचारलं होतं, ‘ताई बरोबर बोलल्या का?’ ती तीन वर्षं ‘नाही’ म्हणत राहिली. त्यांना पटलं की नाही, तिला कळलं नाही.

यापुढे काय लिहू?

---

अश्दोदचा_वारा | १५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

काही लिहू नकोस. रब्बी योहानान आजारी पडले तेव्हा रब्बी हनिना भेटायला गेले. विचारलं, ‘ही दुःखं तुला प्रिय आहेत का?’ योहानान म्हणाले, ‘तीही नकोत आणि त्यांचं फळही नको.’ हनिना म्हणाले, ‘हात दे.’ हात दिला, त्यांनी उठवलं. याच योहानाननी आधी दुसऱ्या एका आजाऱ्याला असंच उठवलं होतं. मग स्वतःला का नाही उठवता आलं? तालमुद म्हणतं, कैद्याला स्वतःला तुरुंगातून सोडवता येत नाही. दहा माणसं गोळा कर. मी तिथे असतो तर आलो असतो.

---

तेलघाणा | २९ सप्टेंबर, रात्री ८.२०

उशिरा लिहितेय. परवा शब्बाथ शूवा होता, रोश हशाना आणि किप्पूरच्या मधला. त्या दिवशी होशेय संदेष्ट्याचं ‘परत फिर, इस्राएल’ वाचतात. काल रविवारी कबरीवर जायचं ठरवलं होतं.

पुण्यातल्या ओळखीच्या लोकांना फोन केले. प्रत्येकाला सांगावं लागलं की कशासाठी. नऊ जण तयार झाले. दोघे आजारी, एक गावाला. दहावा मिळेना. शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी, बहिणीचा फोन आला. सहा वर्षांत तिनं केलेला पहिला.

“किती झाले?”

“नऊ.”

“दहावा माझा मुलगा येईल.” मग थोड्या वेळानं, “मी अजून माफ केलेलं नाही, ताई. त्यांना जे सांगायचंय ते आधी त्यांना सांग. मोठ्यानं सांग.”

काल सकाळी साडेनऊला आम्ही तिथे होतो. भाचा माझ्या समोर, कबरीच्या पलीकडे उभा राहिला. त्याच्या हातात वडिलांची दुकानाची वही होती, डाव्या हाताच्या अक्षरातली. मी काय केलं ते सांगितलं. दुकान, शनिवार, बाक, उघडं दार, सगळं. माझा आवाज दोनदा गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, सावकाश. वेळ आहे.”